भाऊसाहेब म्हणतात, “निधी नाही, मॅडम”

पत्र :

“मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी म्हणून मी नुकतीच रुजू झाले आहे. शिक्षण एमएसडब्ल्यू. आधी बरीच वर्षं संस्थांमध्ये मुलांबरोबर काम केलं, मग लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. मुलांशी, त्यांच्या आयांशी, पोलिसांशी कसं बोलायचं ते मला कळतं. पैशातलं काही कळत नाही. महिला लोकशाही दिनाला दर वेळी काही बायका बाल संगोपनाचे, म्हणजे घरी राहणाऱ्या मुलांसाठीच्या दरमहा अनुदानाचे, पैसे का आले नाहीत म्हणून विचारतात. मी लेखापालांना विचारते. ते म्हणतात, ‘निधी नाही, मॅडम.’ मी बाहेर येऊन तेच सांगते. बालगृहाचे अधीक्षक म्हणतात, किराणावाला आता उधारीवर माल देत नाही. आणि मार्चमध्ये एकदम निधी येतो, तेव्हा वरून फोन येतो : शंभर टक्के खर्च दाखवा, उपयोगिता प्रमाणपत्र आजच पाठवा, यादीचं नंतर बघू. आधीच्या अधिकाऱ्यांनी तशी सही केल्याचं फाइलवर दिसतं. येत्या मार्चमध्ये ती वेळ माझ्यावर येणार. सहकारी म्हणतात, हिशेब लेखापालांवर सोड आणि तू तुझं समाजकार्य कर. कॅशबुक उघडलं की मला धडधडायला लागतं. मी चुकीच्या खुर्चीत बसले आहे का? — नाव छापू नये.”

उत्तर :

खुर्ची बरोबर आहे. सहकाऱ्यांचा सल्ला तेवढा ऐकू नका. तुम्ही आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे सरकारी पैसा काढून वाटण्याची जबाबदारी असलेल्या अधिकारी, आहात. देयकावर सही तुमची, कॅशबुकावर सही तुमची आणि उद्या लेखाआक्षेप आला तर त्याचं अनुपालनही तुमच्याच नावानं मागितलं जाईल. लेखापालांवर हिशेब ‘सोडता’ येत नाही. त्यांच्याकडून तो करून घेता येतो, आणि या दोन्हींत फार अंतर आहे. माझी सगळी नोकरी वित्त व लेखा सेवेत गेली. अनेक खात्यांचे हिशेब पाहिले. त्या अनुभवावर सांगते, महिला व बाल विकासासारख्या खात्यात पैशाची उत्तम समज बहुतेकदा तुमच्यासारख्यांनाच येते, कारण आकड्यामागं कोण आहे ते त्यांना माहीत असतं. आकडे वाचायला शिकणं हा त्यातला सोपा भाग.

आधी ‘निधी नाही’ या उत्तराकडे बघू. हे उत्तर म्हणून स्वीकारायचंच नाही. नळाला पाणी नाही म्हटल्यावर विहीर आटली, मोटर बंद पडली की पाइप फुटला हे आपण विचारतोच ना, तसं इथंही विचारायचं. बाल संगोपनाच्या बाबतीत ‘निधी नाही’चे निदान पाच वेगवेगळे अर्थ असू शकतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

पहिला अर्थ, अर्थसंकल्पात तुमच्या जिल्ह्यासाठी तरतूदच कमी झाली. दुसरा, तरतूद आहे पण वित्त विभागानं ती अजून पूर्ण सोडलेली नाही. हे दर वर्षी थोडंफार होतं. कोविडच्या वर्षी तर ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं विकासखर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादाच घातली होती. तिसरा, पैसे बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, तुमच्या कार्यालयाच्या नावे आलेले आहेत, पण देयक (कोषागाराला पाठवायचं बिल) तयार नाही, कारण मुलांची यादी अद्ययावत नाही. चौथा, देयक कोषागारात गेलं आणि आक्षेप लागून परत आलं, ते कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे. पाचवा, पैसे कोषागारातून निघाले, बँकेपर्यंत गेले आणि खातं जुळलं नाही म्हणून परत फिरले.

पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हाताबाहेरच्या वाटतात, तरी पूर्ण तशा नाहीत. त्यावर पुढं बोलते. उरलेल्या तीन सर्वस्वी तुमच्या इमारतीतल्या आहेत. माझा अंदाज असा की तुमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींचे पैसे या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यावर अडकलेले निघतील. तेव्हा भाऊसाहेबांना, म्हणजे तुमच्या लेखापालांना, ‘निधी आहे का’ असं विचारूच नका. त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, “बीम्स उघडा, या लेखाशीर्षाखाली आज काय दिसतंय ते मला दाखवा.” आकडा डोळ्यांनी बघा. मग विचारा, शेवटचं देयक कोणत्या तारखेचं, किती मुलांचं, कुठल्या महिन्यापर्यंतचं. मग विचारा, बँकेतून किती व्यवहार परत आले आणि त्याची यादी कुठं आहे. ही शेवटची यादी अनेक कार्यालयांत कुणी छापूनही घेत नाही.

परत आलेल्या पैशांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथं थोड्या मेहनतीत फार काही सुटतं. २०२० मध्ये बँकांची विलीनीकरणं झाली. सिंडिकेट कॅनरात गेली, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. त्यामागोमाग शाखांचे आयएफएससी कोड बदलले. तुमच्याकडच्या जुन्या यादीत अजून जुनेच कोड असले तर ते पैसे परत येणारच. दुसरं, आधारवरून जमा होणारे पैसे त्या आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या वेळी असंख्य बायकांनी घाईघाईनं नवीन खाती उघडून आधार तिकडं जोडलं. त्यामुळे जी आई जुन्या बँकेत चकरा मारून ‘आले नाहीत’ म्हणते, तिचे पैसे कधीकधी दुसऱ्याच पासबुकात येऊन बसलेले असतात. हे कुणी तिला सांगितलेलंच नसतं. महिला लोकशाही दिनाला एका टेबलावर लॅपटॉप आणि अग्रणी बँकेचा (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेचा) एक माणूस बसवा. जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितलं तर अग्रणी बँक नाही म्हणत नाही.

आता तरतुदीबद्दल. तुम्ही म्हणता तुम्हाला अंदाजपत्रक कळत नाही. मुलांची यादी कळते ना? मग तेच तुमचं अंदाजपत्रक आहे. २०२३ पासून बाल संगोपनाची दरमहा रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. म्हणजे एका मुलाचे वर्षाचे २७,००० रुपये. धरून चला की तुमच्या जिल्ह्यात बाल कल्याण समितीनं मंजूर केलेली १,५०० मुलं आहेत. वर्षाला ४ कोटी ५ लाख लागतील. पण मागणी करताना कुणीतरी मागच्या वर्षीची फाइल उघडली, त्यात १,१०० मुलं होती, आणि तोच आकडा वर पाठवला. मिळाले २ कोटी ९७ लाख. १,५०० मुलांना दर महिन्याला ३३ लाख ७५ हजार लागतात. डिसेंबरचे पैसे देता देता तिजोरी रिकामी. मग जानेवारीत भाऊसाहेब म्हणतात, ‘निधी नाही.’ ते खोटं बोलत नसतात. पण ती टंचाई जानेवारीत झालेली नसते, आदल्या वर्षीच्या मागणीत एक जुना आकडा उतरवून घेतला गेला तेव्हाच झालेली असते.

यादी म्हणजे नुसती आज पैसे घेणाऱ्या मुलांची नव्हे. तिच्यात मंजूर झालेली पण पैसे सुरू न झालेली मुलं हवीत, समितीपुढं प्रलंबित असलेले अर्ज हवेत, आणि या वर्षात १८ पूर्ण करून बाहेर पडणारी मुलं वजा हवीत. गेल्या वर्षाची थकबाकी वेगळ्या ओळीत हवी. ती चालू मागणीत मिसळली की पुढच्या वर्षी कुणालाच उमगत नाही की आकडा का फुगला. हा तक्ता एका पानाचा असतो. तो समितीच्या अध्यक्षांना, भाऊसाहेबांना आणि तुम्हाला, तिघांनाही तोंडपाठ असायला हवा. चारमाही आणि आठमाही विवरणपत्रं जातात तेव्हा तोच तक्ता सोबत जोडा. पुण्याच्या आयुक्तालयातल्या माणसासमोर साऱ्या जिल्ह्यांची पत्रं पडलेली असतात. बहुतेकांत ‘निधी अपुरा आहे, तरी वाढीव निधी मिळावा ही विनंती’ एवढंच असतं. ज्या पत्रात मुलांची संख्या, दर, महिने, थकबाकी आणि कोणत्या महिन्यात पैसे संपतील ते लिहिलेलं असतं, ते पत्र पुरवणी मागणीच्या प्रस्तावात जाऊ शकतं. विनंतीपत्रातून प्रस्ताव तयार करता येत नाही, कारण त्यात बेरीज करण्यासारखं काही नसतं. पावसाळी अधिवेशनाची पुरवणी मागणी हुकली तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची गाठायची, म्हणजे आकडे ऑक्टोबरातच तयार हवेत.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे, जो मुंबई-पुण्याच्या वेळापत्रकात बसत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. एकल आई कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली, मूल आजीकडे किंवा तिच्याबरोबरच फडावर. तेव्हाच आपले लोक गृहचौकशीला जातात, घराला कुलूप असतं, अहवालावर ‘लाभार्थी आढळले नाहीत’ असा शेरा पडतो आणि मुलाचं नाव यादीतून गळतं. सरकारचं वर्ष आणि उसाचं वर्ष एकमेकांना अगदी नको तिथं छेदतात. त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात नूतनीकरण, गृहचौकशी आणि बँक पडताळणी जुलै ते सप्टेंबरमध्येच उरकायला हवी. हे काम सामाजिक कार्यकर्त्यांचं आहे असं वाटतं, पण माझ्या लेखी तुमच्या कार्यालयातला हा सर्वांत महत्त्वाचा वित्तीय निर्णय आहे. सप्टेंबरअखेर स्वच्छ यादी असलेल्या जिल्ह्याला फेब्रुवारीत पैसे आले तरी आठवड्यात वाटता येतात. यादी नसलेल्या जिल्ह्याला ३१ मार्चच्या रात्री घाम फुटतो.

त्या रात्रीबद्दलच तुमचा मुख्य प्रश्न आहे, म्हणून तिथं जरा थांबते.

मार्चमध्ये दोन वेगळ्या प्रकारचा पैसा तुमच्यासमोर असतो आणि दोन्हींतला मोह वेगळा. बाल संगोपन ही राज्याची योजना; पैसा कोषागारातून निघतो आणि ३१ मार्चला न काढलेला व्यपगत होतो, म्हणजे बुडतो. तिथला मोह म्हणजे देयक काढून रक्कम बँकेत आणून ठेवायची, ‘एप्रिलमध्ये वाटू’ म्हणून. तातडीच्या वाटपाची गरज नसताना कोषागारातून पैसे काढायचे नाहीत हा जुना नियम आहे, आणि महालेखापालांचं पथक आलं की आधी नेमकं हेच बघतं. मराठवाडा नागपूर कार्यालयाकडे आहे. तिथली माणसं बँकेचं विवरणपत्र मागतात आणि एप्रिल-मेमधली शिल्लक पेन्सिलीनं खुणा करत वाचतात. दुसरा पैसा मिशन वात्सल्यचा, म्हणजे केंद्राच्या बाल संरक्षण योजनेचा, ज्यात केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो. केंद्रानं २३ मार्च २०२१ च्या आदेशानं एकल नोडल एजन्सीची पद्धत आणली. जुलै २०२१ पासून पैसा एका खात्यात राहू लागला, जिल्ह्यांना खर्चाची मर्यादा मिळू लागली आणि प्रत्येक व्यवहार पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या निधीवर नजर ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवर, दिसू लागला. तिथं पैसे लपवून ठेवायला जागाच उरलेली नाही, म्हणून मोह कागदावर सरकला : खर्च झाला नसताना उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं.

ते देऊ नका. कारणं दोन. एक तर ते खोटं प्रमाणपत्र आहे आणि पीएफएमएसवरचा आकडा ते खोटं असल्याचं कुणालाही दोन मिनिटांत दाखवतो. आधीच्या अधिकाऱ्यांच्या काळात जे खपलं ते आता खपणार नाही. दुसरं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. शंभर टक्के खर्च दाखवलात की कागदावर तुमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांना पैसे मिळाले. पुढच्या वर्षी थकबाकी मागायला गेलात तर वरचा माणूस तुमचंच प्रमाणपत्र तुमच्यापुढं ठेवील. ज्या मुलासाठी तुम्ही भांडणार, त्याचा दावा तुमच्याच सहीनं बुडालेला असेल.

नकार कसा द्यायचा? फोनवर वाद घालू नका. वरचा माणूसही आणखी वरच्या फोनखाली दबलेला असतो. ‘हो साहेब, लगेच पाठवते’ म्हणा आणि खरं प्रमाणपत्र त्याच दिवशी पाठवा. उशीर करू नका. उशीर झाला की तुमच्यावर वेगळा ठपका येतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. सोबत चार ओळींचं पत्र : “दूरध्वनीवरील सूचनेनुसार सादर. प्राप्त निधीपैकी आजअखेर लाभार्थ्यांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम इतकी, अखर्चित शिल्लक इतकी. उर्वरित इतक्या मुलांची बँक पडताळणी सुरू असून ती अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल. प्रत्यक्ष खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र यासोबत सादर करीत आहे.” प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. मिशन वात्सल्यच्या रचनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षावर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख आहेच, त्यामुळे प्रत पाठवली म्हणून कुणी तक्रार केली असं म्हणू शकत नाही. ‘दूरध्वनीवरील सूचनेनुसार’ हे शब्द गाळू नका. तोंडी सांगितलेलं कागदावर आलं की सांगणारा पुढच्या वेळी जपून सांगतो.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक काम करा. मार्चअखेर खरोखर किती वाटता येईल त्याचा आकडा काढा आणि उरणारी रक्कम वेळेत समर्पित करा, म्हणजे वर परत करा. आपल्याकडे समर्पण म्हणजे नामुष्की असा समज आहे. मला तो कधीच पटला नाही. फेब्रुवारीत परत केलेले पैसे आयुक्तालय पुनर्विनियोजनानं दुसऱ्या जिल्ह्याला देऊ शकतं, जिथं यादी तयार आहे आणि पैसे नाहीत. ३१ मार्चला व्यपगत झालेले पैसे कुणाच्याच मुलांना मिळत नाहीत. पण समर्पणाच्या पत्रात कारण लिहा, आणि पुढच्या वर्षाची मागणी त्याच पत्राला जोडा. नाहीतर ‘या जिल्ह्याला पैसे लागत नाहीत’ एवढंच लक्षात राहतं.

किराणावाल्याचं काय करायचं? बालगृहाची देणी अधीक्षकांच्या डोक्यात आणि दुकानदाराच्या वहीत असतात, तुमच्या कार्यालयात कुठंच नसतात. देण्यांची एक नोंदवही सुरू करा : कुणाचं, कशाचं, कोणत्या महिन्याचं, बिल आलंय की नाही. निधी येईल तेव्हा कुणाला आधी द्यायचं हे त्या वहीवर आधी ठरवून ठेवा. माझा क्रम विचाराल तर मुलांचं अन्न आणि औषध आधी, घरी राहणाऱ्या मुलांचं अनुदान त्याच्या बरोबरीनं, मग कंत्राटी कर्मचाऱ्यांचं मानधन, मग वीज-दुरुस्ती, आणि सर्वांत शेवटी कार्यशाळा, फ्लेक्स आणि घडीपत्रिका. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा होतो, कारण कार्यशाळेचं बिल घेऊन येणारा माणूस तुमच्या दालनात येऊन बसतो आणि सहा वर्षांचं मूल येत नाही. कंत्राटी मानधन खाली ठेवलं म्हणून ते थकवा असं मात्र समजू नका. समुपदेशक आणि क्षेत्र कार्यकर्ते सोडून गेले की गृहचौकशा थांबतात आणि आपली यादी पुन्हा मळते. दुकानदाराशी दरकरार करायचा असेल तर १ डिसेंबर २०१६ चा खरेदीचा शासन निर्णय भाऊसाहेबांबरोबर बसून वाचा. कंटाळवाणा आहे, पण एकदा वाचलात की ‘नियमात बसत नाही’ या वाक्याची भीती जाते.

पैशाच्या इतरही वाटा आहेत. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बाल विकासासाठी ३ टक्के निधी राखीव असतो. जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतींच्या स्वउत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्चायचा असतो. दर वर्षी यातला बराच पैसा शिलाई मशीन आणि सायकलींवर जातो, कारण ती यादी कुणीतरी तयार ठेवलेली असते. बालगृहाचं छप्पर, पाण्याची टाकी, मुलींच्या निवासातली स्वच्छतागृहं अशा एकदाच होणाऱ्या कामांचे प्रस्ताव अंदाजपत्रकासह तुम्ही तयार ठेवा आणि नियोजन समितीच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांच्या कार्यालयात, जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे पोचवा. दरमहाचं अनुदान मात्र या पैशावर टेकवू नका. एक वर्ष मिळतो, दुसऱ्या वर्षी मिळत नाही, आणि मग त्या आईला काय सांगायचं?

तुमच्या पत्रात नसलेली, पण माझ्या मते तुमच्या पदाची खरी कसोटी असलेली एक गोष्ट सांगते. २०१५ चा बाल न्याय अधिनियम म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. पैसा मात्र अनेकदा उलट दिशेनं ओढतो. संस्थेचं अनुदान डोईमागं मिळतं, त्यामुळे खाट रिकामी झाली की संस्थेचं उत्पन्न घटतं. घरी पाठवलेल्या मुलाचं अनुदान रखडतं आणि आई पुन्हा त्याला बालगृहात आणून सोडते. कुणाचाच हेतू वाईट नसताना मूल आत राहतं. हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानं घराबाहेर, दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेल्या पात्र मुलांच्या खर्चातला वाटा केंद्राकडून राज्यांना विनामर्याद मिळण्याची सोय होती, पण मूल घरातून काढावंच लागू नये म्हणून होणाऱ्या मदतीला तसा पैसा नव्हता. मुलाला बाहेर काढलं तर पैसे, सांभाळून घरी ठेवलं तर तुटपुंजे. ही गाठ सोडवायला २०१८ चा फॅमिली फर्स्ट कायदा यावा लागला. त्यानं आईवडिलांचं व्यसन, मानसिक आजार, पालकत्व यांवरच्या मदतीला तोच केंद्रीय पैसा खुला केला आणि सामूहिक निवासांतल्या खर्चावर बंधनं आणली. एवढ्या श्रीमंत देशाला ते करायला ३८ वर्षं लागली.

तुमच्या हाती कायदा नाही, पण कोणतं मूल कोणत्या योजनेत बसवायचं हे बऱ्याच अंशी आहे. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व दरमहा ४,००० रुपये देतं; कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० आहे. ज्या मुलांना ते लागू होतं त्यांना केवळ सवयीनं बाल संगोपनात टाकलं जातं. एकाच मुलाचं नाव दोन्हीकडे नको, हे खरं. म्हणूनच कोण कुठं हे समितीनं आदेश करण्याआधी ठरायला हवं. आणि बालगृहातून घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आदेशाबरोबर त्याच्या घरच्या अनुदानाचा कागद त्याच दिवशी तयार व्हायला हवा. हा एक शिरस्ता तुमच्या काळात पडला तरी पुष्कळ.

राहिलं कॅशबुक. त्याला भिण्यासारखं त्यात फारसं काही नाही. डावीकडे आलेलं, उजवीकडे गेलेलं, खाली शिल्लक. शिल्लक बँकेशी जुळते का, आणि जुळत नसेल तर कोणत्या धनादेशामुळे. रोज सही करताना शिल्लक वाचा, नुसती सही करू नका. महिन्याला एकदा कोषागाराशी ताळमेळ झाला का ते विचारा. जुन्या तसलमाती (हिशेब न दिलेल्या आगाऊ रकमा) आणि प्रलंबित लेखाआक्षेपांची यादी मागवा, आणि रुजू होतानाच्या स्थितीचं एक टिपण आजच्या तारखेनं नस्तीत ठेवा, म्हणजे आधीचं ओझं आणि तुमचं काम वेगळं दिसेल. आधीच्या अधिकाऱ्यांची ती सही उकरून काढून भांडण करू नका. पण ती तफावत दिसत असेल तर आयुक्तालयाला लेखी कळवा. गप्प राहिलात तर ती तुमची होते.

आणि भाऊसाहेबांवर राग धरू नका. जिल्ह्याच्या कार्यालयांत एक माणूस दोन-दोन टेबलं सांभाळत असतो, आणि त्याला यादी कधीच वेळेवर मिळालेली नसते. त्यांना एकदा बाल कल्याण समितीच्या बैठकीला बसवा. आदेश कसा होतो ते त्यांनी पाहिलेलं नसेल. पुण्याच्या यशदात, म्हणजे राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत, लेखाविषयक प्रशिक्षणं होत असतात, त्यासाठी दोघांचीही नावं पाठवा. दोघांनी एकाच आठवड्यात कार्यालय सोडणं जमणार नाही, तेव्हा पहिल्या तुकडीला तुम्ही जा, आणि ते काहीही करून सप्टेंबरच्या आत बसवा.